चवळीवर मुंग्या चढल्यात, फवारू का?



चवळी फुलावर आली की हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. "ताई, वेलावर मुंग्याच मुंग्या झाल्यात, कुठलं औषध मारू?" यंदा तो आमच्या घरातूनच आला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. चहा घेऊन बसा.

आमची वाडी भुईगावात. समुद्र जवळ, जमीन रेताड, हवा खारी. पाणी विहिरीचं. केळीच्या कडेच्या तुकड्यात यंदा वेलाची चवळी लावली, काठ्यांवर चढवली. चवळीची तोडणी एकदा सुरू झाली की एक-दोन दिवसाआड शेंगा काढाव्याच लागतात. एक तोडा चुकला तर शेंग जून होते, मग ती ना भाजीची राहते ना दाण्याची.

पहिल्याच तोड्याला तक्रारी आल्या. वाडीवर कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "त्या कडेच्या ओळींत हात घालवत नाही गं, चावतात." व्यापाऱ्याने दोन जुड्या बाजूला काढल्या. का, तर सोडल्यावर आतून मुंग्या निघाल्या. रविवारी धाकटे भावजी आले, त्यांनी वेल बघितले आणि म्हणाले, "वहिनी, एक फवारा मारून टाका. आणि बांधावरचं ते जंगल पण काढू. तिथूनच येतात सगळ्या. सरळ भिंत घालू, जागेला पण बरं."

तिघांचंही म्हणणं खोटं नाही. मावशींना चावतात हे खरं. जुडी परत आली हेही खरं. बांधावरून मुंग्या येतात हेही खरंच. पण फवारायच्या आधी एक गोष्ट बघायला हवी : मुंगी वेलावर नेमकी थांबते कुठे?

सकाळी ऊन चढायच्या आत जा. फुलं-शेंगा ज्या लांब दांड्यावर येतात, त्याच्या टोकाकडे बघा. दोन शेंगा जिथून फुटतात त्यांच्या मधोमध बारीक गाठी दिसतील, मोहरीपेक्षाही लहान. नीट बघितलं तर त्यावर चकचकीत थेंब असतो. बोटावर घेऊन जिभेला लावा, गोड लागतो. मुंग्या तिथे तोंड लावून उभ्या असतात. फूल गळून शेंग भरायला लागली तरी येत राहतात. म्हणजे त्या फुलाच्या मधासाठी आलेल्याच नाहीत.

ह्या गाठींना मधुग्रंथी म्हणतात. फुलातल्या मधुग्रंथी आपल्याला माहीत असतात, त्या मधमाश्यांसाठी. ह्या फुलाबाहेरच्या. पानात तयार झालेली साखर झाड इथे थेंबाथेंबाने बाहेर सोडतं, सोबत थोडी अमिनो आम्लंही असतात. झाडाला साखर फुकट मिळत नाही. तीच साखर दाणा भरायला लागते, मुळांना लागते. मग ती बाहेर का सांडायची?

दीडशे वर्षांपूर्वी ह्यावर मोठमोठ्या लोकांचा वाद झाला होता. थॉमस बेल्ट नावाच्या इंग्रज माणसाने निकाराग्वातल्या बाभळीच्या एका भाईबंदावर मुंग्या बघितल्या आणि १८७४ साली लिहिलं, की झाड त्यांना खायला आणि राहायला देतं, त्या बदल्यात त्या झाडाची राखण करतात. इटलीत देल्पिनो ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाचंही म्हणणं हेच, फुलाबाहेरचा मध राखणदारांसाठी असतो. चार्ल्स डार्विनला मात्र हे सगळ्या झाडांना लागू पडेल असं वाटत नव्हतं. काही झाडं नको असलेला रस नुसती बाहेर टाकतात, असं त्याचं मत. पुढे १९६० च्या दशकात डॅनियल जॅन्झेनने मध्य अमेरिकेत काही बाभळींवरच्या मुंग्या काढून टाकल्या आणि काहींवर तशाच ठेवल्या. मुंग्या काढलेली झाडं किड्यांनी खाऊन पार खराब केली, आजूबाजूच्या वेलींनीही त्यांना दाबलं. निदान त्या बाभळीपुरतं उत्तर मिळालं : ती साखर ही राखणीची मजुरी आहे.

आणि असं करणारी झाडं थोडीथोडकी नाहीत. २०१३ साली दोन अमेरिकन संशोधक बायकांनी यादी केली, मार्जोरी वेबर आणि कॅथलीन कीलर. फुलाबाहेर मधुग्रंथी असलेल्या वनस्पती जवळपास चार हजार जातींच्या निघाल्या, शंभरावर कुळांतल्या. आपल्या वाडीतच बघा ना. दुधीच्या पानाचा देठ जिथे पानाला मिळतो तिथे दोन्ही बाजूंना एकेक बारीक बोंड असतं. एरंडाच्या देठावर तशाच चकत्या असतात. घोसाळं-शिराळ्याच्या कळीच्या बाहेरच्या बाजूला ठिपके असतात, मुंगी तिथेच हजर. रताळ्याच्या पानाच्या देठालाही आहेत. विदर्भातल्या मंडळींनी कपाशीचं पान उलटं करून मधली शीर बघावी, तिथे एक खळगी दिसेल.

आता ही राखण खरंच होते का? माझी बघायची पद्धत साधी आहे. केळीच्या बाजूला सापडलेली एक छोटी हिरवी अळी उचलली आणि मुंग्या असलेल्या दांड्यावर ठेवली. एका मुंगीने मिशा लावून बघितलं, मागे फिरली, दुसरी आली. जरा वेळाने चार-पाच जणींनी अळीला पकडलं, ती वळवळून खाली पडली. तशीच दुसरी अळी मुंग्या नसलेल्या वेलावर ठेवली, ती निवांत पानाखाली गेली. चवळीवर आपला खरा वैरी म्हणजे शेंग पोखरणारी अळी. तिचा पतंग कळ्या-फुलांवर अंडी घालतो. अळी लहान असते तोवर मुंगीच्या तावडीत सापडते. एकदा तिने फुलं जाळ्याने एकमेकांना चिकटवली आणि आत शिरली, की मुंगीचं फारसं काही चालत नाही. म्हणजे राखण उपयोगाची ती सुरुवातीलाच. मधुग्रंथी नेमक्या कळ्या-शेंगांच्या बुडाशी असतात, तेही त्यासाठीच असावं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, चला, मुंगी शेतकऱ्याची मैत्रीण. थांबा. मुंगी कुणाचीच मैत्रीण नाही. जिथे चांगलं मिळेल तिथे ती काम करते.

चवळीच्या कोवळ्या शेंड्यावर आणि कोवळ्या शेंगेवर काळा मावा बसतो. तो सोंड खुपसून वेलाचा रस पितो आणि मागून चिकट गोड पाणी सोडतो. साखर तीच, वेलाचीच. फरक एवढाच की मधुग्रंथीतून वेल स्वतः मोजून देतो आणि माव्याकडून मिळते ती चोरलेली. मुंगीला त्याचं काय! मावा जास्त गोड देत असेल तर ती माव्याची राखण करते. ढालकिडा मावा खायला आला की त्याला पिटाळून लावते. तुम्ही बघितलं असेल, माव्याने काळ्या झालेल्या शेंड्यावर मुंग्या गाई राखल्यासारख्या फिरत असतात.

म्हणून "मुंग्या आहेत" एवढ्याने काहीच कळत नाही. त्या दांड्याच्या गाठीवर आहेत की शेंड्याच्या माव्यावर आहेत, हे बघायचं. गाठीवर असतील तर वेलाच्या कामावर आहेत. माव्यावर असतील तर माव्याच्या.

हे मला नुसतं बोलून पटवायचं नव्हतं, म्हणून विहिरीकडच्या थोड्या वेलांच्या बुडाला आणि त्यांच्या काठ्यांना कापडाची पट्टी गुंडाळली, पट्टीवर ग्रीस लावलं. मुंग्यांची वाट बंद. बाजूचे वेल तसेच मोकळे ठेवले. तीन-चार तोडे दोन्हीकडच्या शेंगा वेगळ्या टोपलीत घेतल्या. दोन गोष्टी दिसल्या. पट्टी बांधलेल्या वेलांवर मावा लवकर ओसरला, ढालकिडे मोकळेपणी बसले. पण भोकं पडलेल्या शेंगाही तिथेच जास्त निघाल्या. मोकळ्या वेलांवर उलट, शेंगा स्वच्छ पण काही शेंडे माव्याने काळे. एवढ्या वेलांवरून कुणी शास्त्र लिहू नये. पण भावजींना दाखवायला दोन टोपल्या पुरल्या.

भावजींनी टोपल्या बघितल्या आणि त्यांच्या स्वभावाप्रमाणे हिशेबाचा प्रश्न विचारला. "म्हणजे मुंगी ठेवली तर मावा, काढली तर अळी. फवारलं तर दोन्ही जातील ना?"

जातील. चार दिवस. मग मावा परत येईल, कारण तो आठवड्याभरात पिलावळ वाढवतो. ढालकिड्याला आणि मुंगीला परत यायला वेळ लागतो. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं, फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही. चवळी एक-दोन दिवसाआड तोडायची असते. मग मधले तोडे फेकून द्यायचे, नाहीतर ते दिवस न पाळता शेंगा बाजारात पाठवायच्या. आपली भाजी पहाटेच्या गाडीने मुंबईत जाते, दुपारी कुणाच्या तरी कढईत असते. तो दुसरा रस्ता मला नको आहे. तोडेही फेकायला परवडत नाहीत.

मग मी काय केलं? मजुरीच्या बाजूने विचार केला. मुंगीला हाकलायचं नाही, तिचा वाईट मालक काढायचा. माव्याने भरलेले शेंडे हाताने खुडून पाण्याच्या बादलीत बुडवले. उरलेल्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारला, सकाळी, म्हणजे पानं दिवसभरात सुकतात. तरी राहिलेल्या जागी पाच टक्के निंबोळी अर्क, तोसुद्धा फक्त शेंड्यांवर, संध्याकाळी. पाच किलो निंबोळी पावडर शंभर लिटर पाण्याला असं ते प्रमाण आहे. आम्हाला तेवढं लागत नाही, पन्नास ग्रॅम एका लिटरला ह्या हिशेबाने करते. मावा उतरला, तशा शेंड्यावरच्या मुंग्या खाली दांड्याच्या गाठींवर आल्या.

मावशींचा प्रश्न वेगळा होता. चावणाऱ्या होत्या त्या बुडाशी वारूळ केलेल्या बारीक लाल मुंग्या. गाठीवर बसणाऱ्या काळ्या मुंग्या तेवढ्या चावत नाहीत. त्या लाल मुंग्यांशी माझं काही प्रेम नाही, त्या पेरलेलं बीसुद्धा ओढून नेतात. त्या ओळींना पाट भरून पाणी दिलं, वारुळं हलली. तरी पहिले दोन तोडे त्या ओळी मी स्वतः तोडल्या, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. जो निर्णय आपण घेतो त्याचे चावे मजुराच्या हाताला का? आता तोडणीआधी काठी हलवायची, मग हात घालायचा. आणि शेंगा जुडी बांधायच्या आधी घमेल्यातल्या पाण्यातून काढायच्या, मुंग्या वर तरंगतात. निथळून, सावलीत थोडं सुकवून मग जुडी. काम थोडं वाढलं. जुडी परत आलेली नाही.

राहिला बांध. आणि खरा वाद तोच आहे.

आमच्या बांधावर भेंड आहे, एरंड आपोआप उगवलेला, एक जुना पांगारा, बाभूळ. बघणाऱ्याला ते जंगलच वाटतं. पण ह्या चारही झाडांना मधुग्रंथी आहेत. भेंडाचं पान उलटं करा, देठाजवळ मधल्या शिरेवर एक बारीक फट दिसेल. बाभळीच्या पानाच्या देठावर वाटीसारखा ठिपका असतो. पांगाऱ्याला पानाच्या दलांच्या बुडाशी. चवळी वाडीत असते दोन-अडीच महिने. उरलेलं वर्ष ह्या मुंग्या काय खातात? बांधावर खातात. बांध म्हणजे त्यांची बारमाही रोजंदारी. तो काढून भिंत घातली तर मुंग्या संपतील असं नाही, दुसऱ्या मुंग्या येतील. कुठल्या येतील हे आपल्या हातात नसेल.

हे मी मनाने सांगत नाही. केनियात एक प्रयोग झाला, २००८ साली छापून आला. तिथल्या माळावर बाभळीचीच एक जात आहे, तिच्या फुगीर काट्यांत मुंग्या राहतात, झाड त्यांना मध देतं. हत्ती-जिराफ पाला खायला आले की मुंग्या त्यांच्यावर तुटून पडतात. टॉड पामर आणि त्याच्या सोबत्यांनी दहा वर्षं कुंपण घातलेल्या तुकड्यातली झाडं तपासली, जिथे हत्ती-जिराफ येऊ शकत नव्हते. आपल्याला वाटेल, खाणारं कुणी नाही म्हटल्यावर झाडं फोफावली असतील. झालं उलटं. खाणारं जनावर नाही, म्हणून झाडांनी मध कमी केला, राहायचे काटेही कमी केले. राखणाऱ्या मुंग्या आळसावल्या, मध भरून काढायला त्यांनी झाडावर खवले कीड जास्त पाळली. बऱ्याच झाडांवर तर त्यांची जागा दुसऱ्या जातीच्या मुंग्यांनी घेतली, ज्यांना खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी केलेली भोकं राहायला लागतात, म्हणून त्या भुंगेऱ्यांना अडवत नाहीत. झाडांची वाढ कमी झाली, मरही वाढली.

मजुरी कमी केली की राखणदार जातो, आणि जागा रिकामी राहत नाही. मला त्यातून एवढं कळलं.

आणि सगळ्याच मुंग्या राखण करतात असंही नाही. आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडच्या जंगलात हम्बोल्टिया नावाचं झाड आहे, त्याच्या पोकळ फांद्यांत मुंग्या राहतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रेनी बोर्जेस आणि सहकाऱ्यांनी त्यावर काम केलंय. तिथे काही जातीच्या मुंग्या पानांची खरी राखण करतात, बाकीच्या नुसत्या खाऊन-पिऊन राहतात. म्हणजे मजुरी घेऊन काम न करणारे तिथेही आहेत. आपल्या आंब्यावर पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्यांचं बघा. काढणीच्या वेळी आपण त्यांना शिव्या देतो. पण चीनमध्ये त्याच जातीच्या मुंग्यांची घरटी बाजारात विकत घेऊन संत्र्या-मोसंब्यांच्या झाडांवर लावत. चौथ्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या ग्रंथात त्याची नोंद आहे. एकच मुंगी, आपल्याकडे ताप आणि तिकडे विकत घ्यायची वस्तू. फरक झाड कुठलं, कीड कुठली आणि तोडणारा कसा, ह्याचा.

भावजींना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "वहिनी, मुंग्यांचं पटलं. पण बांधाची जागा मोजणीत जाते, त्याचं काय? आजूबाजूला बघा, सगळ्यांनी भिंती घातल्या." तेही खरं आहे. वाडी दोघा भावांच्या नावावर आहे. मी वाडीत राबते म्हणून जागेचा शब्द एकटीचा नाही. ते मुंबईत नोकरी करतात, त्यांना जमीन दुरून दिसते, मला पानाखालून दिसते. दोघांचं बघणं खोटं नाही. तूर्त असं ठरलंय की रस्त्याच्या बाजूला भिंत होईल, तिथे तशीही गुरं आणि गाड्या येतात. विहिरीकडचा बांध राहील, निदान मोजणी होईपर्यंत. पांगाऱ्याला हात लावायचा नाही एवढं मात्र मी कबूल करून घेतलं.

पुढच्या हंगामासाठी मी ठरवलंय ते सांगते. चवळीच्या ओळी विहिरीकडच्या बांधाजवळ घेणार, रस्त्याकडे नाही. एरंडाची दोन-चार झाडं ओळींच्या टोकाला मुद्दाम राहू देणार. शिराळं-दुधीवर मात्र लक्ष ठेवणार. तिथे परागण करणाऱ्या किड्यांशिवाय फळ धरत नाही, आणि फुलात मुंग्या घुसल्या तर ते बसत नाहीत. गाठीवर मुंगी चालेल, फुलात नको. तशी फुलात दिसली तर तिथला मावा आधी शोधायचा.

तर "फवारू का?" ह्या प्रश्नाला माझं उत्तर : आधी पान उलटा, दांडा बघा, शेंडा बघा. मुंगी कुणाचं खाते ते कळलं की काय करायचं ते आपोआप कळतं. औषधाचा डबा नंतरही आहेच, तो कुठे पळून जात नाही.

एक मदत करा. गाठीवर बसणाऱ्या ह्या काळ्या मुंगीला, आणि आंब्यावरच्या त्या लाल मुंगीला तुमच्या गावात काय म्हणतात ते लिहा. कोकणात ओंबील ऐकलंय, गोव्याकडे हुमले म्हणतात. आमच्याकडे घरागणिक नाव वेगळं आहे, आणि नावं सांगणारी माणसं कमी होत चाललीत. जमवून ठेवते.

उद्या पहाटे तोडा आहे. झोपते आता.